सिस्टरने ‘नाही’ कुणाच्या बळावर म्हणायचं?

आपल्या चळवळीत नर्सबद्दल दोन तऱ्हेने बोललं जातं. एक म्हणजे अपुऱ्या पगारावर राबणारी, डॉक्टरांची आणि नातेवाइकांची बोलणी खाणारी कामकरी स्त्री. दुसरी म्हणजे लेबर रूममध्ये कळा देणाऱ्या बाईवर खेकसणारी, प्रसंगी हात उगारणारी सिस्टर. दोन्ही खरं आहे. पण या दोन्ही चित्रांत ती विचार करणारी, निर्णय घेणारी बाई म्हणून दिसत नाही. समाजाने तर तिला ‘सेवाव्रती’ म्हणून प्रश्नच मिटवून टाकलाय. व्रत घेतलेल्या बाईने ना पगार मागायचा, ना शंका विचारायची.

प्रत्यक्षात नर्सला रोज निर्णय घ्यावे लागतात. एक नेहमीचं उदाहरण घेऊ. गर्भपातासाठी आलेल्या बाईकडे नवऱ्याची सही मागितली जाते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. ती मनोरुग्ण असेल तरच पालकाची संमती लागते. नवऱ्याच्या सहीची अट कायद्यात कुठेही नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर अशा स्त्रीचं नाव अनधिकृत व्यक्तीला सांगणं हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तरीही सही मागितली जाते, आणि तो कागद बाईपुढे सरकवते ती सिस्टर.

माझ्या कामात एका रुग्णालयातल्या सिस्टरना मी हे दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “कायदा मला ठाऊक आहे हो. पण उद्या नवरा चार माणसं घेऊन आला, तर माझ्या बाजूने कोण उभं राहील?” हा प्रश्न टाळून नीतिमत्तेवर व्याख्यान देणं सोपं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी. रात्रपाळीला एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईला आपण विवेकाची परीक्षा द्यायला लावतो, आणि ती नापास झाली की तिलाच दोष देतो.

पण म्हणून सगळं कामाच्या ताणावर ढकलून चालणार नाही. लेबर रूममध्ये जे बोललं जातं ते थकव्यातूनच येत असतं, तर ते सगळ्यांच्याच वाट्याला आलं असतं. झोपडपट्टीतली, चौथ्या खेपेची, मुसलमान किंवा दलित बाई जे ऐकते, ते खाजगी खोलीतल्या बाईला कुणी ऐकवत नाही. म्हणजे जीभ कुठे आवरायची हे कळतं. डॉक्टरसमोर दबलेली नर्स गरीब बाईसमोर सत्ता गाजवते, हे आपण मैत्रिणी म्हणून तिला स्पष्टपणे सांगायला हवं. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ पासून आहे, २०२१ मध्ये ती सुधारली गेली. नर्सची पहिली जबाबदारी रुग्णाप्रती, असं ती सांगते. व्यावसायिकपणा म्हणजे कडक इस्त्रीचा गणवेश आणि ‘हो सर’ नव्हे. चुकीचा हुकूम आला तर रुग्णाच्या बाजूने उभं राहणं हाही त्याचाच भाग आहे.

हे एकटीने जमत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं तिथल्या नर्सच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. ही गोष्ट नेहमी सेवेची म्हणून सांगितली जाते. मला त्यात आणखी काही दिसतं. त्यांना दयामरण द्यावं ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिका करणाऱ्या लेखिकेचा नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं म्हटलं. नर्सची भूमिका तुम्हा-आम्हाला पटो वा न पटो, ती विचारात घ्यावी लागली. कारण रोजच्या कामातून आलेलं ज्ञान त्यांच्यापाशी होतं आणि त्या एकत्र होत्या. याच प्रकरणात आरोपीला खुनाचा प्रयत्न आणि चोरीसाठी शिक्षा झाली, बलात्कारासाठी नाही, हेही विसरायला नको. जिला कामाच्या जागी स्वतःची सुरक्षितता नाही, तिच्याकडून आपण दुसरीच्या हक्काचं रक्षण मागतो आहोत.

तेव्हा मागण्या दोन्ही बाजूंच्या हव्यात. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्र पाठांतरापुरतं न राहता नवऱ्याच्या सहीसारख्या खऱ्या पेचांवर चर्चा व्हावी. बेकायदा हुकूम नाकारणाऱ्या नर्सला बदलीची भीती राहू नये, म्हणून तक्रार लेखी नोंदवण्याची सोय असावी. नर्सच्या संघटनांनी पगार आणि भरतीइतकाच रुग्ण स्त्रियांशी होणाऱ्या वागणुकीचा विषय आपल्या बैठकीत घ्यावा.

आणि आपण? आपले गट रुग्णालयात जातात ते बहुधा निवेदन घेऊन, अधीक्षकांच्या खोलीत. एकदा वॉर्डातल्या सिस्टर्सबरोबर, त्यांची ड्यूटी संपल्यावर बसू या. ‘अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे’ एवढं मराठीत लिहिलेला फलक त्यांच्या टेबलामागे लावून घेऊ या. नवरा भांडायला आला तर सिस्टरला त्या फलकाकडे बोट दाखवता येईल, आणि निरोप मिळताच आपल्यातल्या दोघी-तिघी तिथे पोचतील, एवढा शब्द तरी आपण तिला द्यायला हवा.