खरा आवाज हवा की गोड आवाज?

प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण तरी असा असतोच, ज्याला गाण्यांपेक्षा गाणी वाजवणाऱ्या खोक्यांची जास्त माहिती असते. त्याच्यासमोर अ‍ॅम्प्लिफायरचा विषय काढा, पाच मिनिटांत दोन पक्ष पडतात. एकाला डिस्टॉर्शन शून्यच हवं. दुसरा म्हणतो, शून्य डिस्टॉर्शन म्हणजे पथ्याचं जेवण, खरी मजा जुन्या ट्यूबवाल्या अ‍ॅम्पमध्ये! गंमत म्हणजे दोघंही त्यासाठी खिसा रिकामा करायला तयार असतात. तेव्हा पैसे मोजण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. असा निर्मळ आवाज शक्य आहे का? आणि असला तरी तो हवा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. अ‍ॅम्पपुरतं बोलायचं तर जवळजवळ हो. त्याचं मोठं श्रेय हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनीअरला जातं. तेव्हा लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर ठिकठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर बसवावे लागत आणि प्रत्येक अ‍ॅम्प आपली थोडी घाण आवाजात मिसळत असे. १९२७ साली हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर जाताना ब्लॅकला तोडगा सुचला आणि त्याने तो हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच लिहून काढला. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत सोडायचा. आत काय गेलं आणि बाहेर काय आलं यातला फरक त्यातून कळतो आणि अ‍ॅम्प आपली चूक आपणच दुरुस्त करतो. बदल्यात आवाज वाढवण्याची थोडी ताकद सोडून द्यावी लागते. हाच तो निगेटिव्ह फीडबॅक. आज घरोघरीच्या अ‍ॅम्पमध्ये तो असतो.

आज चांगल्या अ‍ॅम्पवर डिस्टॉर्शन ०.००१ टक्का लिहिलेलं दिसतं. म्हणजे मूळ सुराच्या एक लाखावा भाग, १०० डेसिबलने खाली. घरातल्या पंख्याच्या आवाजातही तो हरवून जाईल. उलट स्पीकरचा कागदी पडदा मोठ्या आवाजात बेस वाजवताना एक टक्का किंवा त्याहूनही जास्त डिस्टॉर्शन सहज करतो. वर खोलीच्या उघड्या भिंती आणि फरशी आवाज घुमवतात ते वेगळंच. त्यामुळे ०.००१ सोडून ०.०००५ वाल्या अ‍ॅम्पसाठी दुप्पट पैसे मोजणं म्हणजे निव्वळ आकड्यांची हौस. तेच पैसे बऱ्या स्पीकरवर घाला, भिंतीला जाड पडदा लावा. फरक लगेच कानाला कळेल.

दुसरा प्रश्न मात्र खरा चुरशीचा. ट्यूबवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. साध्या रचनेचा ट्यूब अ‍ॅम्प प्रामुख्याने दुसरा हार्मोनिक मिसळतो, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्येचा सूर. आपल्या भाषेत, षड्जाला वरचा षड्ज. तिसरा हार्मोनिक वरच्या सप्तकातला पंचम. हे सूर मुळाशी जुळतात, म्हणून कानाला ‘भरीव’ वाटतात. एकट्या गळ्याचं गाणं अशा अ‍ॅम्पवर खरंच सुंदर लागू शकतं. पण तोच अ‍ॅम्प दोन सूर एकत्र आले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूरही तयार करतो आणि ते कशाशीही जुळतीलच असं नाही. अख्खा ऑर्केस्ट्रा किंवा ढोलताशा वाजवून बघा, गोडव्याचा चिखल व्हायला वेळ लागत नाही.

मग डिस्टॉर्शन वाईटच का? अजिबात नाही. तंबोऱ्याची जवारी काय आहे? घोडीवर तारेखाली सूत सरकवून तार मुद्दाम घासती ठेवायची, म्हणजे वरचे स्वर खुलतात. १९६४ साली ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने अ‍ॅम्पच्या स्पीकरचा पडदा चिरला आणि त्या फाटक्या आवाजातून रॉक गिटारला नवी भाषा मिळाली. इथे निर्णय कलाकाराचा होता. घरातल्या अ‍ॅम्पला तो अधिकार नाही. तो पंगतीतला वाढपी आहे. त्याने प्रत्येक पदार्थावर साखर भुरभुरली तर पुरणपोळी कदाचित आणखी आवडेल, पण पिठल्याचं काय? आणि मूळ पिठलं कसं होतं हे कळणार कसं? म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. अ‍ॅम्प सरळ असावा. जवारी असेल तर ती जशीच्या तशी पोचावी, गिटार फाटकी असेल तर तीही. वरून साखर हवीच असेल तर खुशाल घ्या, आवड तुमची. फक्त ती ‘शुद्ध आवाज’ म्हणून विकू नका आणि विकतही घेऊ नका.

खरी काळजी करायची ती वेगळ्याच डिस्टॉर्शनची. हॉस्टेलच्या खोलीत छोटा स्पीकर फुल करून अख्खी पार्टी उरकली जाते. आवाज १० डेसिबलने वाढवायला दहापट ताकद लागते. ती नसली की लाटेचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. तिथे ०.००१ चा आकडा काही कामाचा नाही. फाटला की आवाज कमी करायचा, एवढंच औषध.

आणि कानाचं काय? आपला कान स्वतःही थोडं डिस्टॉर्शन करतो आणि ते निरोगीपणाचं लक्षण आहे. नवजात बाळाची श्रवणतपासणी करताना कानात दोन सूर सोडून कानाने त्यातून बनवलेला तिसरा सूर टिपण्याची एक पद्धत आहे. हे काम करणाऱ्या आतल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. अ‍ॅम्प बिघडला तर नवा आणता येतो. कानाचं दुकान अजून कुठे निघालेलं नाही. तेव्हा दोस्तहो, अ‍ॅम्पच्या आकड्यांवर भांडा जरूर, पण आधी व्हॉल्यूम दोन घरं खाली आणा.