चर्चमध्ये कॅमेरे लागले चार, पण ते बघणार कुणाकडे? लाईव्ह मिस्सेमागचं गणित समजून घ्या

रविवारी सकाळी यूट्यूबवर वसई, गोवा किंवा मुंबईतल्या चर्चची नावं शोधून बघा. कुठे ना कुठे मिस्सा लाईव्ह सुरू असलेली सापडतेच. काही ठिकाणी स्टँडवर लावलेला एकच मोबाईल असतो. काही ठिकाणी मात्र वेदीचा क्लोजअप, गायनवृंदाचा वेगळा अँगल, वरून दिसणारं अख्खं चर्च आणि खाली सरकणारी शुभवर्तमानाची ओळ, असा टीव्ही चॅनेलसारखा थाट असतो.

लॉकडाऊन संपून बराच काळ झाला. चर्चचे दरवाजे उघडले, बाकं पुन्हा भरली. तरी कॅमेरे काही निघाले नाहीत, उलट एकाचे चार झाले. असं का झालं? चार कॅमेरे लावायला नेमकं काय लागतं? आणि त्यातून कोणते नवे प्रश्न उभे राहिले? सविस्तर बघूया.

सुरुवात कोरोनाने झाली नाही

प्रार्थना घरबसल्या ऐकण्याची सोय शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली उपासना 'केडीकेए' या रेडिओ स्टेशनवरून प्रसारित झाली. हे स्टेशन तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचं होतं. प्रार्थनेला आलेल्या लोकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून स्टेशनच्या तंत्रज्ञांना गायनवृंदाचे झगे घालून बसवलं होतं, असा किस्सा सांगितला जातो.

पुढे १९४८ च्या नाताळला पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधली मध्यरात्रीची मिस्सा टीव्हीवर दाखवली गेली. १९५८ मध्ये पोप पायस बारावे यांनी असिसीच्या संत क्लारा यांना चक्क टेलिव्हिजनच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केलं. तेराव्या शतकातल्या या संत आजारपणामुळे मिस्सेला जाऊ शकल्या नाहीत, तेव्हा त्यांना खोलीच्या भिंतीवर ती मिस्सा दिसली, अशी आख्यायिका आहे.

पण विरोधही तितकाच जुना आहे. कार्ल रानर या नावाजलेल्या जर्मन धर्मपंडितांनी १९५० च्या दशकातच मिस्सा टीव्हीवर दाखवण्याला हरकत घेतली होती. इतका पवित्र विधी कुणालाही, कधीही, सोफ्यावर बसून बघता यावा का, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. चार कॅमेऱ्यांच्या जमान्यातही तो तसाच उभा आहे.

मग २०२० मध्ये काय बदललं?

आधी प्रसारण हे टीव्ही आणि रेडिओवाल्यांचं काम होतं. मार्च २०२० मध्ये देशभर लॉकडाऊन लागला. १२ एप्रिलला ईस्टर होता आणि चर्चचे दरवाजे बंद होते. मुंबईत कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांची मिस्सा लोकांनी मोबाईलवर पाहिली. त्याआधी २७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या रिकाम्या सेंट पीटर्स चौकात, पावसात केलेली प्रार्थना जगभर लाईव्ह गेली होती. गावोगावच्या धर्मग्रामांनी मग हाताशी असलेला मोबाईल उचलला आणि प्रसारण सुरू केलं.

यंत्रंही तोवर स्वस्त झाली होती. अनेक कॅमेऱ्यांमधून हवा तो निवडायचा तर 'स्विचर' लागतो. पूर्वी हे मोठ्या स्टुडिओचं काम होतं. २०१९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाईन कंपनीने 'एटेम मिनी' नावाचा चार कॅमेरे जोडता येणारा छोटा स्विचर आणला, २९५ डॉलरला. 'ओबीएस' हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. पुढच्याच वर्षी महामारी आली आणि जगभरातल्या चर्चमध्ये ही दोन नावं ओळखीची झाली.

एक कॅमेरा का पुरत नाही?

मागच्या भिंतीपाशी मोबाईल लावला तर फादर बोटाएवढे दिसतात. वाचन करणारी व्यक्ती खांबाआड जाते. दहा मिनिटांत बघणाऱ्याचं लक्ष उडतं. मोबाईल पुढे नेला तर बसलेल्यांच्या नजरेत येतो. म्हणून बहुतेक ठिकाणी तीन जागा ठरतात : संपूर्ण चर्च दाखवणारा मागचा कॅमेरा, वेदीवर रोखलेला दुसरा, आणि वाचनाची जागा किंवा गायनवृंद दाखवणारा तिसरा. चौथा असलाच तर तो दुरून फिरवता येणारा, म्हणजे 'पीटीझेड' असतो. त्यामुळे कॅमेरामनला वेदीभोवती फिरावं लागत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चार कॅमेरे म्हणजे चौपट इंटरनेट नाही. चारही कॅमेरे स्विचरला जोडले जातात आणि बाहेर एकच चित्र जातं. फुल एचडीसाठी साधारण ५ ते १० एमबीपीएस अपलोड लागतो आणि हाताशी त्याच्या दुप्पट असला तर निर्धास्त राहता येतं. स्पीड टेस्ट करताना मात्र डाऊनलोड नाही, अपलोडचा आकडा बघायचा.

खरी डोकेदुखी वेगळीच असते.

केबल : साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढे दगा देऊ लागते. जुन्या चर्चची लांबी त्याहून कितीतरी जास्त असते. तिथे एसडीआय केबल लागते, ती १०० मीटरपर्यंत चालू शकते.

प्रकाश : भारतात विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे. कॅमेरा ६० हर्ट्झच्या सेटिंगवर राहिला तर ट्यूबलाईट लुकलुकताना दिसते. शटर १/५० वर ठेवलं की बहुतेक वेळा हा त्रास जातो. शिवाय चारही कॅमेऱ्यांचं 'व्हाईट बॅलन्स' एकच हवं. नाहीतर एका अँगलला फादरांचा झगा पांढरा दिसतो आणि दुसऱ्या अँगलला पिवळा.

आवाज : लोक धूसर चित्र चालवून घेतात, पण खरखरणारा आवाज सहन करत नाहीत. मोबाईलच्या माईकऐवजी चर्चच्या साऊंड मिक्सरमधून थेट आवाज घेणं हा त्यावरचा उपाय. पण त्यातही एक मेख आहे. मिक्सरमध्ये फक्त माईकसमोरचा आवाज येतो. फादर ऐकू येतात, मात्र लोकांनी दिलेली उत्तरं आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेलं गीत गायब होतं. घरी बसलेल्या आजीला मग रिकाम्या चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं. त्यासाठी बाकांच्या दिशेने एक वेगळा माईक लावावा लागतो, आणि नेमका तोच बजेटमधून कापला जातो.

गाणं लाईव्ह गेलं तर कॉपीराईट लागतो का?

भारताच्या कॉपीराईट कायद्यातल्या कलम ५२(१)(झेडए) नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणं सादर केलं किंवा वाजवलं तर तो भंग ठरत नाही. पण तो विधी यूट्यूबवरून जगभर गेला आणि कायमचा साठवला गेला, तर ही सूट कुठपर्यंत चालेल यावर वाद होऊ शकतो. अमेरिकेत तर तिथल्या कायद्याची सूट प्रार्थनास्थळापुरतीच आहे. म्हणून तिथली चर्च स्ट्रीमिंगसाठी वेगळं लायसन्स घेतात.

यूट्यूबची 'कंटेंट आयडी' ही यंत्रणा स्वयंचलित आहे. मिस्सा चालू आहे की लग्नाची पार्टी, हे तिला कळत नाही. रेकॉर्ड केलेला ट्रॅक ओळखू आला की ती दावा ठोकते.

मराठी चर्चकडे मात्र एक मोठी ठेव आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराईट संपतो. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीतांचे शब्द आज सगळ्यांसाठी खुले आहेत. गायनवृंदाने ती आपल्या आवाजात, जुन्या चालीवर गायली तर शब्दांसाठी कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्या कुणी केलेलं रेकॉर्डिंग किंवा नवी चाल वापरली, तर हक्काचा प्रश्न पुन्हा येतो.

चर्चची अधिकृत भूमिका काय?

कॅथलिक चर्चने प्रसारणाला कधी सरसकट नकार दिला नाही, पण त्याची मर्यादाही आखून दिली. एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे ऐन लॉकडाऊनमध्ये, पोप फ्रान्सिस यांनी इशारा दिला की पडद्यावरचा सहभाग ही अडचणीच्या काळातली सोय आहे. चर्च म्हणजे माणसं आणि संस्कार एकत्र येणं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हॅटिकनचे कार्डिनल रॉबर्ट सारा यांचं पत्र प्रसिद्ध झालं. आजारी आणि येऊ न शकणाऱ्यांसाठी प्रसारण मोलाचं आहे, मात्र प्रत्यक्ष सहभागाची जागा ते घेऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. कारण साधं आहे. ख्रिस्तप्रसाद डाऊनलोड होत नाही.

मग कॅमेरे हवेत कुणासाठी?

वसई आणि गोव्यात या प्रश्नाचं उत्तर घराघरात आहे. मुलगा आखातात, मुलगी कॅनडात, पुतण्या इंग्लंडमधल्या स्विंडनला. गावी वडील गेले, तिकीट मिळालं नाही, सुट्टी मिळाली नाही. अशा वेळी अंत्यविधीची मिस्सा मोबाईलवर बघणं हाच शेवटचा निरोप ठरतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी आपल्याच चर्चची वेदी, ओळखीचे फादर आणि मराठीतलं प्रवचन यांचं मोल व्हॅटिकनच्या झगमगीत प्रसारणापेक्षा जास्त असतं. ही माणसं कुठल्याही आकडेवारीत 'व्ह्यूज' म्हणून मोजली तर दोन-चारशेच्या पुढे जाणार नाहीत. पण प्रसारणाची खरी गरज त्यांनाच आहे.

अडचण तेव्हा येते, जेव्हा कॅमेरे या दोन-चारशे लोकांना सोडून अनोळखी प्रेक्षकांमागे धावू लागतात. चित्र जिवंत वाटावं म्हणून स्विचर चालवणारा चेहरे शोधू लागतो. डोळे मिटून प्रार्थना करणारी बाई, रडणारा तरुण, कम्युनियनच्या रांगेतलं लहान मूल. चौथा कॅमेरा बहुतेक वेळा इथेच खर्ची पडतो.

आणि प्रश्न इथेच गंभीर होतो. चर्चमध्ये कोण येतं, ही माहिती साधी नाही. युरोपच्या जीडीपीआर कायद्यात माणसाचा धर्म ही विशेष संरक्षण असलेली माहिती मानली जाते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशी वेगळी वर्गवारी नाही. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी मात्र पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती मागितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दुसरीकडे उत्तर प्रदेश, गुजरातसारख्या राज्यांमध्ये धर्मांतरविरोधी कायदे आहेत. अशा वातावरणात शेजारणीसोबत सहज आलेल्या, किंवा घरच्यांना न सांगता आलेल्या माणसाचा चेहरा लाईव्ह दिसला, तर त्याची किंमत चर्च मोजत नाही, तो माणूस मोजतो. क्लिप कापून व्हायरल करायला मिनिटही लागत नाही.

यावर मार्ग काय?

यातले बहुतेक उपाय फुकट आहेत. प्रवेशद्वारावर 'आज प्रसारण सुरू आहे' अशी पाटी लावायची. कॅमेऱ्यात न येणाऱ्या बाकांच्या ओळी ठरवून त्या आधीच जाहीर करायच्या. लोकांना पाठीमागूनच दाखवायचं. कम्युनियनच्या वेळी वेदीवरच्या क्रूसावर किंवा दूरच्या चित्रावर कॅमेरा स्थिर ठेवायचा. अंत्यविधीची लिंक 'अनलिस्टेड' ठेवून फक्त कुटुंबाकडे द्यायची, आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहणार हे त्या कुटुंबालाच ठरवू द्यायचं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्विचरवर बसणारी तरुण मुलं दर रविवारी चर्चमध्ये असतात, पण त्यांची स्वतःची प्रार्थना होत नाही. नजर मॉनिटरवर, कान हेडफोनमध्ये. चार कॅमेऱ्यांना तीन-चार माणसं लागतात. पाळीपाळीने काम वाटून घेतलं नाही तर वर्षभरात ती मुलं थकतात आणि महागडी यंत्रं कपाटात जातात. अशा वेळी दोन कॅमेरे, एक चांगला माईक आणि आलटून पालटून येणारी माणसं, हा हिशोब अनेक छोट्या धर्मग्रामांना जास्त परवडतो.

त्यामुळे तुमच्या चर्चमध्ये कॅमेऱ्यांसाठी वर्गणीचा विषय निघालाच, तर कोणता ब्रँड घ्यायचा हे नंतर विचारा. आधी धर्मग्रामात चर्चला येऊ न शकणारी माणसं किती आहेत याची यादी मागा. किती कॅमेरे लागतील याचं उत्तर बहुतेक वेळा त्या यादीतच मिळतं.