विश्लेषण : सर्च इंजिनच्या ‘डीफॉल्ट’ जागेसाठी गूगल अब्जावधी डॉलर का मोजते?

मोबाइलवर ब्राउझर उघडून पत्त्याच्या पट्टीत काही टाइप केले, की उत्तर कोणत्या सर्च इंजिनने द्यायचे हे आधीच ठरलेले असते. ही निवड दोन-तीन टॅपमध्ये बदलता येते, पण बहुतेक जण ती बदलत नाहीत. याच सवयीवर अब्जावधी डॉलरचे करार उभे आहेत आणि त्यावरून अमेरिका व भारतात गूगलविरोधात निकालही लागले आहेत.

या जागेची किंमत किती?

अमेरिकेतील खटल्यात उघड झालेल्या माहितीनुसार, डीफॉल्ट सर्च इंजिन राहण्यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले. यातील मोठा वाटा अ‍ॅपलला मिळाला. आयफोनवरील सफारीत गूगल आधीपासून निवडलेले असते, ते याच करारामुळे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्नही गूगलकडूनच येते. शोधांसोबत दिसणाऱ्या जाहिरातींतून गूगल हा खर्च भरून काढते.

न्यायालयाने काय म्हटले?

न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने सर्चमधील मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी उपाय ठरवले. क्रोम विकण्याची सरकारची मागणी त्यांनी फेटाळली. इतरांना वगळणारे करार करण्यास मनाई केली आणि काही सर्च डेटा पात्र स्पर्धकांना देण्यास सांगितले. डीफॉल्ट जागेसाठी पैसे देण्यावर मात्र सरसकट बंदी घातली नाही. म्हणजे ही जागा विकत घेण्याचा मार्ग पूर्ण बंद झालेला नाही.

भारतात काय झाले?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. नवा फोन सुरू करतानाच ग्राहकाला सर्च इंजिन निवडता यावे, असेही आयोगाने सांगितले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आयोगाचे काही निर्देश मात्र रद्द केले. त्याआधीच, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतातील नव्या अँड्रॉइड फोनवर निवडीचा पडदा दाखवण्याची घोषणा केली होती. जुन्या फोनवर मात्र हा बदल वापरकर्त्यालाच करावा लागतो.

निवड कशी बदलायची?

अँड्रॉइडवरील क्रोममध्ये तीन ठिपक्यांवर टॅप करून ‘सेटिंग्ज’मध्ये जावे आणि ‘सर्च इंजिन’ निवडावे. तेथे गूगलबरोबर बिंग, डकडकगो यांसारखे पर्याय दिसतात. त्याच सेटिंग्जमधील ‘टूलबार शॉर्टकट’मधून पट्टीवर नवा टॅब, शेअर किंवा आवाजाने शोध यांपैकी हवे ते बटण ठेवता येते. नव्या आवृत्तीत पत्त्याची पट्टी पडद्याच्या तळाशीही आणता येते. आयफोनवर सर्च इंजिन बदलण्याचा पर्याय फोनच्या सेटिंग्जमधील सफारीच्या विभागात आहे.

बदलल्याने खरेच फरक पडतो?

काही प्रमाणात. डकडकगो शोधांचा इतिहास साठवत नसल्याचे सांगते, मात्र त्याचे बरेचसे निकाल बिंगकडून येतात. त्यामुळे मराठीतील शोधाचे निकाल आपल्या उपयोगाचे आहेत का, हे काही दिवस वापरूनच ठरवावे. पुन्हा गूगलकडे वळायलाही तेवढेच टॅप लागतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अनेक अँड्रॉइड फोनच्या होम स्क्रीनवर असणारी गूगलची शोधपट्टी वेगळी असते. क्रोममधील निवड बदलली तरी ती गूगलवरच शोधते. तिचा वापर नको असेल, तर ती बोटाने दाबून ठेवून काढता येते का ते पाहावे. काही फोनवर ती काढता येत नाही. अशा वेळी शोधायचे ते थेट ब्राउझर उघडून शोधावे.