वाकड्या कंदिलाची वकिली

फराळाचे ताट पुढे घेऊन आणि नवा अंक हाती धरून निवांत बसलेल्या वाचकाशी भांडण उकरून काढू नये, एवढा शिष्टाचार मला ठाऊक आहे. तरीही आज मी भांडणारच आहे. भांडणाचे कारणही फार दूर नाही. ते आपल्या दारातच टांगलेले आहे. जरा मान वर करून पाहा. तो आकाशकंदील कोणी केला? बहुतेक घरांतून उत्तर येईल, "केला कसला? आणला!" आणि तो कितीला आणला, हेही लगोलग ऐकायला मिळेल. कंदील असा 'आणण्याची' जी रीत पडली आहे, तिच्याविरुद्ध माझी फिर्याद आहे.

पण फिर्यादीने आधी स्वतःचा गुन्हा कबूल करावा, हे बरे. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तिथे दिवाळीच्या सुट्टीआधी आकाशकंदिलांची स्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक होतो मी. वर्गात दोऱ्या बांधून तीसचाळीस कंदील टांगले होते. त्यांत एक फारच देखणा होता. पुठ्ठ्यावरची नक्षी अशी कोरलेली, की कुठे कात्री अडखळल्याची खूण नाही. हे सहावीतल्या मुलाचे काम नव्हे, हे मला दाराशीच कळले. तरी पहिला नंबर मी त्यालाच दिला. पाहुणे यायचे होते, छायाचित्र काढायचे होते, आणि शाळेची शोभा राहायची होती.

कोपऱ्यात सातवीतल्या एका मुलाचा कंदील होता. तो एका अंगाला कलला होता. खळीचे डाग जागोजाग दिसत होते. पतंगी कागद पुरला नव्हता म्हणून एका तिकोनाला जुन्या कॅलेंडरचे पान लावले होते, आणि त्यावर आषाढ महिन्याच्या तारखा स्पष्ट वाचता येत होत्या. माझ्या वहीत त्याच्यापुढे मी काहीच लिहिले नाही. शाळा सुटल्यावर तो मुलगा माझ्याजवळ आला. तक्रार घेऊन नव्हे, बातमी घेऊन. म्हणाला, "सर, वाकडा का झाला ते मला कळलं. एक काडी अर्धा इंच कमी पडलीय. पुढच्या वर्षी बरोबर करतो."

पुढच्या वर्षी त्याने चकचकीत विकतचा कंदील आणला. मी विचारले, "का रे, तू करणार होतास ना?" तो सरळपणे म्हणाला, "सर, नंबर त्यालाच मिळतो ना?"

या वाक्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. ज्या मुलाने स्वतःची चूक स्वतः शोधून काढली होती, त्याला मी शिकवले ते एवढेच, की चूक दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये, बाजारात जावे.

आता त्या अर्ध्या इंचाचे महत्त्व सांगतो. आपला जुना घरगुती कंदील म्हणजे बांबूच्या चोवीस सारख्या काड्या. चार-चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे आणि ते कोपऱ्याला कोपरा लावून दोऱ्याने जोडायचे. सहा चौकोन जोडून झाले, की त्यांच्यामध्ये आठ तिकोन आपोआप उभे राहतात. ते कोणी केलेले नसतात. चौकोन बरोबर असले तर ते मिळतात, नसले तर मिळत नाहीत. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा सोडला, की चार चौकोन आणि आठ तिकोन, मिळून बारा कागद कापायचे. आठ इंचांची काडी धरली, तर सगळ्या काड्या मिळून सोळा फूट होतात. नुसता सांगाडा हातात धरला तर तो डुगडुगतो. पण कागद चिकटवून खळ वाळली, की तो कागद ताणून बसतो आणि त्या पातळ पतंगी कागदाच्या बळावर सारा कंदील ताठ उभा राहतो! भूमितीचा हा धडा मी फळ्यावर वर्षानुवर्षे शिकवला आहे. कंदिलाइतका चांगला तो मला कधीच शिकवता आला नाही.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडले, की मुलांचे शिक्षण हातांच्या उद्योगातून व्हावे. आपण तो विचार डोक्यावर घेतला. 'कार्यानुभव' असा भारदस्त विषयही वेळापत्रकात बसवला. आणि मग काय केले? मुलांच्या हातचे काम काढून आईबापांच्या हाती दिले. रात्री अकरा वाजता मुलगा झोपलेला, आणि आई त्याच्या नावाचे शुभेच्छापत्र रंगवीत बसली आहे. वडील दुकानदाराला उठवून घोटीव कागद मागताहेत! सकाळी त्या शुभेच्छापत्राला 'उत्तम' असा शेरा देणारा शिक्षक माझ्यासारखाच कोणीतरी असतो. अनुभव आईला आला आणि गुण मुलाला मिळाले.

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप येतील, ते मीच सांगून टाकतो.

पहिला आक्षेप, "वेळ कुठे आहे?" कंदिलाला दोन संध्याकाळी पुरतात. एक सांगाड्याला, एक कागदाला. तेवढ्या दोन संध्याकाळी आपण बाजारात कंदील निवडण्यात, पार्किंग शोधण्यात आणि भाव करण्यात घालवतोच.

दुसरा आक्षेप, "कागदाचा कंदील पेटतो." आत पणती किंवा तापणारा दिवा असे, तेव्हा या भीतीत तथ्य होते. आज थोड्या वॉटचा एलईडी दिवा लावला तर तो जुन्या दिव्याच्या मानाने फारच कमी तापतो. म्हणजे कागदी कंदिलाला आजच्याइतका सोयीचा काळ पूर्वी कधी नव्हता, आणि नेमक्या याच काळात आपण प्लॅस्टिककडे धावलो आहोत. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आणली, तेव्हा गणपतीच्या मखरांचे कसे होणार म्हणून केवढा गहजब झाला! कागद आणि पुठ्ठा पुन्हा पुढे आले, आणि गणपती काही उघड्यावर बसले नाहीत.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "सगळेच घरी करू लागले, तर कंदील करून पोट भरणाऱ्यांनी काय करावे?" माहीमच्या कंदील गल्लीतल्या कारागिरांच्या हाताला मी नमस्कार करतो. कोणाला खरोखरच जमत नसेल, म्हातारपण असेल, आजारपण असेल, तर त्याने अशा हातांचा बांबूचा आणि कागदाचा कंदील अवश्य घ्यावा, आणि घासाघीस न करता घ्यावा. पण ज्याने स्वतः एकदा करंज्या कापून कंदिलाच्या कडांना चिकटवल्या आहेत, त्यालाच त्या कारागिराची मजुरी कळते. साच्यातल्या प्लॅस्टिकशी त्याची तुलना करून "एवढे पैसे?" असे तो विचारणार नाही.

चौथा आक्षेप कोणी घेत नाही, म्हणून तो मीच घेतो. "आमच्या वेळी सगळे घरीच करीत," असे आम्ही पुरुष मोठ्या अभिमानाने सांगतो. खरे आहे, पण आम्ही अंगणात काड्या तासत बसलो होतो, तेव्हा आई, काकू आणि बहिणी स्वयंपाकघरात चकल्या तळत होत्या. खळ शिजवून द्यायलाही त्याच. कंदिलाचे कौतुक मात्र आमचे झाले. ती जुनी दिवाळी जशीच्या तशी परत आणा, असे मी म्हणत नाही. या खेपेला काड्या मोजायला मुलीला बसवा, आणि खळ बाबांना शिजवू द्या. गुठळ्या झाल्या तरी चालेल.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. स्पर्धा घरी पाठवूच नका. काड्या, दोरा, कागद शाळेत आणा आणि मुलांना तिथेच करू द्या. शोभा थोडी कमी होईल. आणि नंबर द्यायचेच असतील, तर प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारा, "तुझ्या कंदिलात काय चुकले?" ज्याला उत्तर देता येईल, त्याने तो स्वतः केला आहे. विकतच्या कंदिलाच्या मालकाला ही परीक्षा देता येणार नाही.

घरच्या मंडळींना एवढेच सांगणे, की दिवाळी संपल्यावर कंदील कचऱ्यात टाकू नका. कागद उतरवा, सांगाडा माळ्यावर जपून ठेवा. पुढल्या वर्षी बारा कागद नवे, काड्या त्याच. आखूड पडलेली काडी तेवढी बदला. मुले शिकायला परगावी गेली, की तो सांगाडा काढून पाहावा. कोणत्या गाठी कोणी बांधल्या, हे घरातल्या माणसांना सांगता येते. असली आठवण दुकानात मिळत नाही.

तो सातवीतला मुलगा आता मोठा झाला असेल. त्याच्या दारात कोणता कंदील आहे, मला ठाऊक नाही. कुठे एखादा कललेला, एका अंगाला कॅलेंडरचे पान लावलेला कंदील दिसला, की मी आजही थबकतो. एक बक्षीस माझ्याकडे थकले आहे, ते त्याने केव्हाही येऊन घेऊन जावे.