भाची एक्स-रे शिकायला गेली

गेल्या खेपेला लोणच्याला बुरशी का धरते ते लिहिलं होतं आणि या वेळी मुरांब्याचं सांगेन असं कबूल केलं होतं. पण मुरांबा थांबेल. आमच्या घरात सध्या वेगळाच पाक शिजतो आहे. माझ्या नणंदेची धाकटी मुलगी बारावी सायन्स होऊन एक्स-रेच्या पदवीला लागली. कॉलेज आमच्या गावात, म्हणून मुक्काम आमच्याकडे. तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी अशी एखादी मुलगी असेल. डॉक्टरकीचे मार्क थोडक्यात हुकलेले, आणि 'आता पुढे काय?' म्हणून सगळे तिच्या तोंडाकडे बघताहेत. त्या घरांसाठी हे लिहिते आहे.

"एक्स-रे काढायला पदवी कशाला लागते? बटण तर दाबायचं!" हा प्रश्न आमच्याकडे चार दिवसांत चार जणांनी विचारला. त्यांत मीही होते, खोटं कशाला सांगू! सासूबाईंनी तर उलट टोक गाठलं. नात डॉक्टर होणार म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले. दोन्ही चूक. फोटो वाचून निदान सांगतात ते रेडिओलॉजिस्ट, ते डॉक्टर. आणि तो फोटो वाचण्याजोगा यावा, रुग्णाला कमीत कमी किरण लागून यावा, हे ज्यांच्या हातात असतं ते रेडिओग्राफर. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय, मॅमोग्राफी, अशी सगळी यंत्रं त्यांच्या ताब्यात.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. साधारण तीन वर्षं शिकायचं आणि मग रुग्णालयात इंटर्नशिप. नावं मात्र जागोजाग वेगळी, कुठे बी.एस्सी. मेडिकल इमेजिंग, कुठे रेडिओग्राफी, तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे बी.पी.एम.टी. नावाला भुलू नका आणि नावाला बिचकूही नका. विचारायचं ते हे, की पदवी कुठल्या विद्यापीठाची? कॉलेजला स्वतःचं रुग्णालय आहे का? मुलींना यंत्रावर प्रत्यक्ष उभं करतात, की कोपऱ्यातून बघत राहा म्हणतात? 'सहा महिन्यांत कोर्स, नोकरीची हमी' असल्या पाट्या बसस्टँडबाहेर लागलेल्या असतात, त्यांच्यापासून चार हात दूर राहा. यंत्र चालवणाऱ्याकडे मान्यताप्राप्त शिक्षण हवं असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे. शिवाय २०२१ साली संसदेने अशा आरोग्य व्यवसायांसाठी वेगळा कायदा केला, त्यात हे कामही धरलेलं आहे. कागद नीट पाहिल्याशिवाय फीचा पहिला हप्ता भरू नका.

पहिला महिना भाचीचा रडण्यात गेला. अंगात २०६ हाडं, त्यांतली २७ एकेका हाताच्या पंजात, आणि प्रत्येकाला लॅटिन नाव! रात्री भाकरी थापताना मी पुस्तक डब्याला टेकवून ठेवायची आणि तिची उजळणी घ्यायची. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवते तेही मराठीच. पण घोकून घेण्यात आम्हां मास्तरणींचा हात कोण धरणार!

फिजिक्सची मात्र मला धास्ती होती. ते सुटलं कसं, तर एका रात्री वीज गेली तेव्हा. बॅटरी ओट्यावर ठेवून भाचीने हात भिंतीजवळ धरला. सावली लहान आणि रेखीव पडली. हात बॅटरीकडे आणला तशी सावली फुगली, कडा पुसट झाल्या. म्हणाली, "मामी, एक्स-रे म्हणजे हीच सावली. म्हणून छातीचा फोटो काढताना माणसाला पाठमोरं उभं करतात. किरण पाठीमागून येतात, छाती पाटीला टेकलेली असते. हृदय पुढच्या बाजूला असतं, ते पाटीजवळ आलं की सावली फुगत नाही. नाहीतर चांगलं हृदय मोठं झालेलं दिसायचं आणि घरच्यांची झोप उडायची." मग तिने मलाच भिंतीला उभं केलं. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे, म्हणजे खांद्याची पाती फुफ्फुसावरून बाजूला सरकतात. "मोठा श्वास घ्या... धरा... हलू नका... सोडा." बटण दाबायला क्षणही लागत नाही. शिकायचं असतं ते त्याच्या आधीचं सगळं.

आता घरच्या गोष्टी, ज्या प्रॉस्पेक्टसमध्ये नसतात. दिवस दिवस उभं राहावं लागतं, तेव्हा बूट चांगले घ्या, त्यात काटकसर नको. पांढरे एप्रन दोन हवेत, तीन असले तर पावसाळ्यात बरं. केस बांधलेले, नखं कापलेली, हातांत बांगड्या नकोत. आणि एमआरआयच्या खोलीत धातू अजिबात नाही. एक्स-रेचं यंत्र बटण दाबेपर्यंत मुकं असतं, पण एमआरआयचं चुंबक रात्रंदिवस जागं असतं, यंत्र चालू नसलं तरी. मैत्रिणींनो, आपल्या बांगडीला आणि मंगळसूत्राला चार-चार सेफ्टी पिना लटकत असतात ना, त्या, केसांतले आकडे, सगळं बाहेर ठेवायचं. तुम्ही स्वतः तपासणीला गेलात तरी हे लक्षात ठेवा. अंगात स्टेंट, पेसमेकर, ऑपरेशनमधली पट्टी असं काही असेल तर विचारण्याची वाट न बघता आधी सांगा.

या मुलींना छातीवर लावायला एक बिल्ला मिळतो, टीएलडी म्हणतात त्याला. अंगाला किती किरण लागले ते तो टिपून ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा आणि काम संपलं की विभागातल्या खुंटीला अडकवून यायचं, घरी आणायचा नाही. आमचा आला. खिशात राहिला. मी तो एप्रनबरोबर साबणाच्या गरम पाण्यात रात्रभर भिजत घातला! सकाळी हाताला काहीतरी कडक लागलं, तेव्हा कळलं. भाचीला मॅडमची बोलणी बसली आणि मला भाचीची. तेव्हापासून खिसे उलटे केल्याशिवाय आमच्याकडे एप्रन भिजत नाही.

हे सगळं रुळतंय तोवर दिवाळीच्या तोंडावर एक स्थळ सांगून आलं. मुलगा बरा, घर बरं, शिक्षण झाल्यावर लग्न चालेल म्हणाले. पण मुलाच्या आईने जाता जाता विचारलं, "किरणांत काम ना? मग पुढे मुलंबाळं?" झालं. रात्री वन्संचा फोन. "वहिनी, तिचं नाव काढून बी.कॉम.ला घालू का? अजून उशीर झालेला नाही, असं हे म्हणताहेत." भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. जेवली नाही.

ही भीती अगदीच हवेतली नाही बरं का. १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत रोंटगेनने हे किरण शोधले आणि डिसेंबरात स्वतःच्या बायकोच्या हाताचा फोटो काढला, हाडं आणि बोटातली अंगठी. त्यानंतरची काही वर्षं लोक यंत्र नीट चालतं का ते स्वतःचाच हात पुढे धरून बघत. कित्येकांची बोटं गेली, जीवही गेले. तिथून ही धास्ती घरोघर पोचली. पण आपल्या स्वयंपाकघरातला गॅस तरी पहिल्या दिवसापासून असा होता का?

मी दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि भाचीबरोबर तिच्या मॅडमना भेटायला गेले. वीस-बावीस वर्षं यंत्रावर काम केलेल्या बाई, दोन मुलं कॉलेजात. त्यांनी काय सांगितलं ते जसं समजलं तसं देते. एक्स-रेचे किरण बटण दाबलेलं असतं तेवढाच वेळ असतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच हे. भिंतीत, चादरीत, अंगात काही उरत नाही. काम करणारी मुलगी आडोशामागे किंवा बाहेर असते, आत थांबावंच लागलं तर शिशाचा एप्रन. अंतर दुप्पट केलं की किरण निम्मे नव्हे, चौथ्या हिश्शाने उरतात. आपल्याकडे या कामगारांना मर्यादा आहे ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षी ३० च्या वर नाही. १६ ते १८ वयाच्या शिकाऊ मुलांना ६. तुलनेला सांगायचं तर जमिनीतून, आकाशातून, अन्नातून जगात माणसाला वर्षाकाठी सरासरी अडीचच्या आसपास लागतच असतं. दिवस राहिले तर विभागाला लगेच कळवायचं. मग पोटातल्या बाळापुरती उरलेल्या दिवसांत १ ची मर्यादा, आणि त्याप्रमाणे काम बदलून मिळतं. लपवायचं मात्र नाही. मॅडम म्हणाल्या, "मी दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत सांगितलं होतं. नियम पाळणाऱ्या ठिकाणी हे काम बाईला धोक्याचं नाही. नियम न पाळणारं ठिकाण मात्र ओळखायला शिकायचं, तेही शिकवते मी."

हे सगळं मी वन्संना फोनवर सांगितलं. पण खरं सांगते, मी इतकी हट्टाला का पेटले त्याचं कारण मिलिसिव्हर्ट नव्हतं. तीन वर्षांपूर्वी माझी पाठ धरली होती. एका ठिकाणी फोटोला गेले. पोरगेल्या वयाचा मुलगा, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ब्लाउज काढा, झोपा." गाऊन नाही, पडदा नाही, दार अर्धवट उघडं आणि बाहेर बाकावर माणसं. मी तशीच परत आले. 'ह्यां'ना सांगितलं, गर्दी होती. पुढचे चार महिने पाठ चोळत काढले. अशा न सांगता परत आलेल्या बायका तुमच्यातही असतील, मला ठाऊक आहे.

नाव काही काढलं नाही. "या सहामाहीपुरतं बघू," असं वन्संच्या यजमानांनी म्हटलं. आणि मग डिसेंबरात भाची एका संध्याकाळी आली ती पर्स न ठेवताच ओट्याशी उभी राहिली. तिला एक्स-रे विभागात मदतीला लावलं होतं. एक नवी लग्न झालेली मुलगी, तिच्याच वयाची, कंबर दुखते म्हणून आलेली, बरोबर सासू. पोटा-कमरेचा फोटो असला की बाईला पाळीची तारीख विचारावीच लागते. पोटात बाळ असलं तर किरण नकोत म्हणून. पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारताना भाचीचं तोंड लाल व्हायचं. या वेळी तिने विचारलं, तर सासूच म्हणाली, "वेळेवर येते हो तिची." फोटोच्या वेळी रुग्णाखेरीज कोणी आत थांबायचं नाही, हा नियमच आहे. सासूबाई बाहेर गेल्या, दार लागलं. भाचीने परत विचारलं, हळू. ती मुलगी भिंतीकडे बघत म्हणाली, "दीड महिना झाला. घरी अजून सांगितलं नाहीये."

भाचीने सिनिअर ताईंना बोलावलं. फोटो थांबला, डॉक्टरांना निरोप गेला, आणि सासूला सांगितलं, "डॉक्टरांनी आधी दुसरी तपासणी सांगितली आहे." त्यापलीकडचं सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते त्या मुलीचं तिने ठरवायचं होतं. "मामी, त्या दाराचा उपयोग मला आज कळला," एवढं म्हणून भाची हातपाय धुवायला गेली. मी आमटीखालचा गॅस बंद करायचा विसरले, ती तळाला लागली.

संक्रांतीला वन्संचे यजमान आले होते. त्यांना खोकला होता. भाचीने त्यांना भिंतीला उभं करून छातीच्या फोटोला कसं राहायचं ते दाखवलं. "बाबा, खांदे पुढे. श्वास धरा." त्यांनी धरला, आणि सोडा म्हणायला ती मुद्दाम जरा उशीर करत होती. दुसऱ्या दिवशी जाताना फीचा दुसरा हप्ता माझ्या हाती ठेवून गेले. स्थळाचं काय झालं म्हणाल तर ते अजून लोंबकळतं आहे. मुलाच्या आईला मॅडमकडे घेऊन जावं असा माझा बेत आहे, बघू येतात का.

तुमच्या मुलीच्या कॉलेजबद्दल काही विचारायचं असेल तर पत्र टाका, मी भाचीला आणि तिच्या मॅडमना विचारून कळवीन. आणि मुरांबा पुढच्या खेपेला, अगदी नक्की. कैऱ्या यायला अजून अवकाश आहे.