फवारणीआधी मोजणी

आमचे घर कुंभकोणमला, कावेरीच्या भातपट्ट्यात. तिकडे भातावर चार तुडतुडे दिसले की लगेच फवारणीचा पंप पाठीवर चढतो. ही घाई शेतकऱ्याच्याच अंगाशी येते, असे माझे मत आहे.

तपकिरी तुडतुडा बुंध्याशी बसून रस शोषतो. संख्या वाढली की भात जागोजागी जळाल्यासारखे वाळते. हा तुडतुडा अंडी घालतो ती खोडाला लपेटलेल्या पानाच्या आत, जिथे औषध नीट पोहोचत नाही. मग मरते कोण? उघड्यावर फिरणारे ढालकिडे, कोळी आणि हिरवा मिरिड ढेकूण. हा ढेकूण तर सोंड खुपसून नेमकी तीच अंडी शोषतो. (कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात, पण तो आपल्याच बाजूचा.) काही दिवसांत अंडी फुटतात, तेव्हा पिल्लांना खाणारे शेतात फारसे कोणी उरलेले नसते. आम्हा कॅडेटच्या भाषेत, आपणच आपली चौकी उडवलेली असते.

इंडोनेशियात असेच झाले. अखेर 1986 मध्ये तिथल्या सरकारने भातावर 57 कीटकनाशके वापरण्यास बंदी घातली, आणि पुढे शेतकऱ्यांना शेतात उतरून किडी व मित्रकीटक ओळखायला शिकवले.

महाराष्ट्रातील पालकांना उसावरचा लोकरी मावा आठवत असेल. 2002 मध्ये तो सांगली भागात दिसला. वाढलेल्या उसात शिरून फवारणी करणेही अवघड. त्याला आवर घालण्यात डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा मोठा वाटा होता.

कोणी विचारेल, मित्रकीटकांच्या भरवशावर थांबलो आणि पीक गेले तर? कर्ज काढून लावणी केलेल्या माणसाची ही भीती खोटी नाही. फवारणी कधीच नको, असे मी म्हणत नाही. आधी मोजा, एवढेच म्हणतो. तमिळनाडू कृषी विद्यापीठाचा ठोकताळा सोपा आहे. कोळी नसतील तर दर फुटव्याला एक तुडतुडा झाला की उपाय करावा. दर चुडात एक कोळी असेल तर दोन तुडतुड्यांपर्यंत थांबावे.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे सांबा हंगामाचे भात उभे असते. ज्यांच्या घरी शेती आहे, त्या कॅडेटनी वडिलांबरोबर बांधावरून खाली उतरून वीस चुडे तरी मोजावेत, आणि मगच पंपाचे ठरवावे.