जीपगाडीचा कुलवृत्तान्त

घराण्यांचे कुलवृत्तान्त सिद्ध करण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, कोणती शाखा घाटावर राहिली व कोणती कोंकणांत, कोठें दत्तक झाला आणि कोठें वंश खुंटला, याचीं टांचणें कित्येक घरांतून जपून ठेविलेलीं आढळतात. तोच न्याय एखाद्या यंत्राच्या कुळास लावून पाहिला तर काय दिसतें, हें या खेपेस वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरण दूरचें नाहीं. नाशिकच्या महिंद्रा कंपनीच्या कारखान्यांतून २०२० सालीं जी नवी 'थार' गाडी बाहेर पडूं लागली, तिची वंशावळ मागें मागें नेली तर ती अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत, टोलेडो शहरीं जाऊन पोंचते.

या कुळाचा मूळ पुरुष युद्धाच्या धामधुमींत जन्मला. १९४० सालीं अमेरिकन लष्करानें हलक्या व चारी चाकांना गति मिळेल अशा टेहळणी-गाडीचे नमुने कारखानदारांकडून मागविले. बॅन्टम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून पहिला नमुना करून दिला. परंतु हजारोंनीं गाड्या पुरविण्याइतकें तिचें बळ लष्करास दिसेना. म्हणून तें काम टोलेडोची विलिज-ओव्हरलँड व बलाढ्य फोर्ड या दोन कंपन्यांकडे गेलें, आणि युद्ध संपेपर्यंत त्या दोघींनीं मिळून ६ लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. ज्याची कल्पना त्याच्या पदरीं यश पडतेंच असें नाहीं, हा व्यवहाराचा कटु धडा या वंशावळीच्या पहिल्याच पानावर लिहिलेला आहे. 'जीप' या नांवाविषयीं मात्र पंडितांत एकमत नाहीं. 'सर्वसाधारण उपयोगाची' या अर्थाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तें आलें असें कोणी म्हणतात. कोणी त्याचा संबंध १९३६ सालच्या एका व्यंगचित्र-मालिकेंतील अद्भुत प्राण्याशीं जोडतात.

त्या पहिल्या गाडीच्या अंगावर शोभेचें म्हणून कांहींच नव्हतें. पुढच्या व मागच्या आंसांत अंतर अवघें ८० इंच, एंजिनाचें बळ ६० अश्वशक्तींचें. दारें नव्हतीं, कारण शिपायास क्षणांत उडी टाकतां आली पाहिजे. मडगार्ड सपाट होते, कारण सपाट पत्रा लवकर घडतो. समोरची कांच पुढें आडवी पडत असे, कारण गाडी जितकी बुटकी तितकी शत्रूच्या दृष्टीस पडणें अवघड. प्रत्येक गोष्टीच्या मागें एकेक 'कारण' उभें होतें. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील विवेचनांत त्याची गरज पडणार आहे.

युद्ध संपलें आणि या शिपायास शेतावर धाडण्यांत आलें. १९४५ सालीं 'सी. जे.', म्हणजे मुलकी जीप, या नांवानें जी गाडी निघाली, तिला सामान चढविण्यासाठीं मागें खालीं पडणारें फळकूट दिलें, दिवे मोठे केले, आणि तोंडावरील जाळीच्या उभ्या फटी ९ होत्या त्या ७ केल्या. १९५३ सालीं नवें, अधिक उंच एंजिन बसवावयाचें म्हणून टोपण वर उचलावें लागलें, आणि आपल्या लोकांच्या डोळ्यांत भरलेली उंच कपाळाची 'सी. जे. ३ बी' जन्मली. पुढें अमेरिकन शाखेंत मालक एकामागून एक बदलले: १९५३ सालीं कैसर, १९७० सालीं अमेरिकन मोटर्स, १९८७ सालीं क्रायस्लर. आंखूड व उंच बांध्यामुळें अचानक वळतांना गाडी उलटण्याचें भय होतें, त्याचा गवगवा होऊं लागला. तेव्हां १९८६ सालीं 'सी. जे.' मालिका संपवून किंचित् रुंद व ठेंगणी 'रँग्लर' आणण्यांत आली. तिचे दिवे चौकोनी केले, तेव्हां जुन्या भक्तांनीं इतकी कुरकुर केली कीं १९९६ च्या नव्या रूपांत ते पुनः गोल करावे लागले. गाडी उलटूं नये म्हणून जो बदल केला तो लोकांनीं पचविला. केवळ नवेपणासाठीं केलेला बदल मात्र त्यांनीं परत घ्यावयास लाविला.

आतां आपल्याकडील शाखा. जगदीशचंद्र व कैलासचंद्र हे महिंद्र बंधु आणि मलिक गुलाम महंमद यांनीं १९४५ सालीं 'महिंद्रा अँड महंमद' ही पेढी स्थापिली. कैलासचंद्र हे युद्धकाळांत अमेरिकेंतील हिंदुस्थानच्या पुरवठा-मंडळाचें काम पाहत होते. जीपची योग्यता त्यांनीं तेथेंच ओळखली. स्वातंत्र्यासमवेत फाळणी आली. गुलाम महंमद पाकिस्तानांत जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री व पुढें गव्हर्नर-जनरल झाले, आणि १९४८ सालीं पेढीचें नांव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालें. त्याच सुमारास मुंबईस माझगांवीं विलिज जीपचे सुटे भाग आणून जोडण्याचें काम सुरू झालें. हेंच आमच्या मतें दत्तकविधान. देशाच्या वांटण्या होत असतां दुसऱ्या कुळांतील मूल मांडीवर घेण्यांत आलें, आणि तें येथें चांगलें रुजलें. मूळ घरीं 'सी. जे. ३ बी' १९६८ सालीं बंद पडली. येथें तिचीच कूस पुढें कित्येक वर्षें फळत राहिली.

महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांस या गाडीचें काय अप्रूप होतें, हें वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. सुरगाणा-पेठेकडील वाड्यांवर जेथें एस. टी. पोंचत नसे तेथें मामलेदार, देवीडॉक्टर व जंगलखात्याचे अधिकारी जीपनेंच जात. निवडणुकीचा कर्णा तिच्यावर, साथीचें औषध तिच्यांत, आणि प्रसंगीं अडलेल्या बाळंतिणीस तालुक्याच्या दवाखान्यांत नेणारीहि तीच. १९६५ च्या युद्धांत हवालदार अब्दुल हमीद यांनीं जीपवर चढविलेल्या तोफेनें शत्रूचे रणगाडे फोडून परमवीरचक्र मिळविलें, तें कोणास ठाऊक नाहीं? पुढें १९७३ नंतर तेलाच्या किंमती भडकल्या व पेट्रोलवरची जीप परवडेना. तेव्हां फ्रेंच प्यूजो कंपनीच्या विद्येवर डीझेल एंजिन बांधण्याचा कारखाना आपल्याच जिल्ह्यांत, इगतपुरीस निघाला. त्या एंजिनाच्या 'एम. एम. ५४०' गाडीचें आंसांतर ९१ इंच झालें. चेहरा जुना, काळीज फ्रेंच, हात आपले!

नाशिकची खरी कमाई मात्र त्यापुढची आहे. २००० सालीं 'बोलेरो' आली, आणि २००२ सालीं 'स्कॉर्पिओ'. डॉ. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखालीं कंपनीच्या अभियंत्यांनीं ही दुसरी गाडी स्वतः कल्पून सिद्ध केली. एंजिनाच्या बाबतींत ऑस्ट्रियांतील तज्ज्ञांचें साह्य घेतलें, तरी आराखडा घरचा होता. परवान्यावर दुसऱ्याची गाडी जोडणें हें कित्ता गिरविण्यासारखें असतें. अक्षर त्यानेंच सुधारतें हें खरें, पण निबंध लिहावयाचा तर कित्त्यावरून हात उचलावाच लागतो. तो येथें उचलला गेला, आणि त्याची मिळकत सातपूर-अंबडच्या लहान-मोठ्या कारखान्यांतून शहरांतील पुष्कळ संसारांपर्यंत पोंचली आहे.

२०१० सालीं 'थार' या नांवानें कंपनीनें जुन्या चेहऱ्याची गाडी पुनः काढली, आणि २०२० सालीं ती मुळापासून नव्यानें बांधली. बळ ६० वरून सुमारें १५० अश्वशक्तींवर गेलें. मागील पाट्यांच्या स्प्रिंगा जाऊन गुंडाळीच्या आल्या. पट्टे, हवेच्या उशा व उलटल्यास आधार देणारा सांगाडा आला. आणि त्या वर्षीं 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेच्या आघात-परीक्षेंत तिला ५ पैकीं ४ तारे मिळाले. २०२४ च्या 'थार रॉक्स'ला पांच दारें असून आंसांतर ११२ इंचांवर गेलें आहे. अमेरिकन शाखेनेंहि २००६ सालीं रँग्लरला मागील बाजूस दारें दिलीं होतीं. शिपायाच्या गाडीस शेवटीं आजीबाईंसाठीं दार ठेवावें लागलें, हें आम्हांस मोठें सुलक्षण वाटतें.

दत्तकानें गोत्र बदलतें, नांव बदलतें. चेहरा मात्र जन्मदात्यांचाच राहतो. त्यावरूनच भाऊबंदकी उद्भवली. २०१८ सालीं महिंद्रांनीं 'रॉक्सर' नांवाची, रस्त्यावर न चालवितां केवळ शेता-रानांत वापरण्याची गाडी अमेरिकेंत विक्रीस ठेविली. त्याच वर्षीं फियाट-क्रायस्लर कंपनीनें, हा चेहरा आमचा आहे, अशी तक्रार तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे नेली. जून १९४० पासून सुरू झालेल्या कुळाचा वाद जून २०२० मध्यें निवाड्यास आला: रॉक्सर जीपच्या रूपाचा भंग करते, असें आयोगानें ठरविलें. मग महिंद्रांनीं तोंडवळा बदलला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बदललेल्या गाडीस आयोगानें निर्दोष ठरविलें. पुढें प्रकरण न्यायालयांतहि लढविलें गेलें. दोन्ही बाजूंस कांहीं न्याय आहे. ज्यानें नांव पैदा केलें त्यानें तें राखावें, हें योग्यच. पण ज्यानें तें रूप उन्हापावसांत अर्धे शतकाहून अधिक वागविलें त्याचा त्यावर काडीइतकाहि हक्क नाहीं, हें म्हणणें आमच्या गळीं उतरत नाहीं. तरी या कज्ज्यांतून एक गोष्ट निर्विवाद निघाली. चेहरा काढून घेतल्यावरहि गाडी उभी राहिली. म्हणजे वारसा जाळीच्या फटींत नव्हता. गाडी कशी बांधावी या ज्ञानांत होता.

आतां हें सर्व आमच्या वाचकांच्या कुटुंबांस कशासाठीं सांगावें? अलीकडे बऱ्याच घरांत हा वाद आहे. चिरंजीवांस थार हवी असते. तीर्थरूपांस ती उधळपट्टी वाटते. घरांतील स्त्रियांस लुगडें सांवरून इतक्या उंच चढावयाचें कसें, याची विवंचना. आमचें सांगणें इतकेंच कीं पहिल्या जीपला जसें प्रत्येक गोष्टीस कारण होतें तसें कारण आपल्या खरेदीसहि असावें. ज्याचें द्राक्षबागेचें काम आहे, ज्यास पावसाळ्यांत चिखलाच्या वाटेनें जाणें-येणें आहे, त्यानें ती खुशाल घ्यावी. परंतु कॉलेज रोडवर मिरविण्यासाठीं, किंवा श्रावणांत त्र्यंबकच्या रस्त्यावर यात्रेकरूंच्या अंगावर पाणी उडविण्यासाठीं ती घेणें, हा त्या कुळाचाहि अपमान आणि आपल्याहि. वाहन उंच असलें म्हणजे त्यांत बसणाराची जबाबदारीहि उंच होते, एवढें मुलांस घरींच शिकविलें पाहिजे. तें परवाना देणाऱ्या कचेरींत शिकवीत नाहींत.

पुढचें पान अजून कोरें आहे. १५ ऑगस्ट २०२३ रोजीं केपटाउन येथें कंपनीनें विजेवर चालणाऱ्या थारचा नमुना दाखविला. एंजिनच गेलें तर इगतपुरीच्या घाटमाथ्यावर ज्यांनीं एंजिनें घडविण्यांत हयात घालविली त्यांचें, आणि त्यांच्या भरंवशावर त्याच धंद्याचें शिक्षण घेणाऱ्या मुलांचें काय, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यास सोडवावा लागेल. कुळानें याहून मोठे पालट पचविले आहेत, हें वर दाखविलेंच आहे. मात्र प्रत्येक वेळीं ते पचले ते नवी विद्या वेळेवर शिकून घेणारे हात तयार होते म्हणून. ज्यांच्या घरीं यंदा एखादा मुलगा वा मुलगी तंत्रशाळेंत जाणार आहे, त्या वडील मंडळींनीं शाखा निवडण्यापूर्वीं या गोष्टीचा विचार अवश्य करावा.